ग्रासकटर: धोका फक्त पात्याचा नाही, पात्याने उडवलेल्या खड्याचाही आहे

पाऊस ओसरायला लागला की कोकणात गावोगाव एकच आवाज ऐकू येतो, ग्रासकटरचा. आंबा-काजूच्या बागांमधली बेणणी असो, घराभोवतीचं रान असो की पायवाटेवरचं गवत, पूर्वी चार गडी विळे-कोयते घेऊन दोन दिवस खपायचे. आता एकच माणूस पट्टा खांद्याला अडकवतो आणि दुपारपर्यंत मोकळा होतो. या यंत्राचं नाव खरं तर ब्रश कटर, पण दुकानात आणि गावात त्याला ग्रासकटरच म्हणतात.

यंत्र विकत घेताना दुकानदार ते चालू कसं करायचं, हे दाखवतो. ते कुठे धोका देतं, हे मात्र बहुतेकांना वापरतानाच कळतं.

खडा एवढ्या जोरात का उडतो?

हिशोब साधा आहे. बाजारात सर्रास मिळणाऱ्या पात्याचा व्यास २५५ मिलिमीटर असतो. ते मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी २८५ किलोमीटरच्या वर जातो. या वेगाने फिरणारं टोक गवतात लपलेल्या खड्याला, काचेच्या तुकड्याला किंवा कुंपणाच्या गंजक्या तारेला लागलं, तर तो तुकडा कुठे जाईल हे सांगता येत नाही. जांभ्या दगडाच्या जमिनीत असे खडे पावलोपावली असतात. म्हणूनच मशीनसोबतच्या पुस्तिकांमध्ये सहसा १५ मीटरच्या आत दुसरं कुणी नसावं, असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात चित्र वेगळं दिसतं: एक जण गवत कापतोय, दुसरा पाच पावलांवर ते गोळा करतोय आणि पोरं मजा बघत उभी आहेत.

त्यात अनेक जण गार्ड काढून ठेवतात. गवत अडकतं किंवा मोठं पातं बसत नाही, ही त्यामागची नेहमीची कारणं. पण चालवणाऱ्याच्या पायांच्या दिशेने येणारा खडा तोच अडवतो. शिवाय नायलॉन दोरीच्या गार्डला आतून एक छोटं पातं असतं, ते दोरी ठरावीक लांबीला कापत राहतं. गार्ड नसेल तर दोरी लांबच लांब राहते, इंजिनवर ताण येतो आणि ते तापतं. म्हणजे गार्ड काढून मशीनचंही नुकसानच होतं.

नायलॉनऐवजी लोखंडी तार लावायचा ‘जुगाड’ तर कधीच करू नये. तारेचा तुकडा तुटला की तो गोळीसारखा सुटतो.

उसळी कुठून येते?

चालवणाऱ्याच्या बाजूने वरून पाहिलं, तर पातं सहसा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. पात्यावर घड्याळाची तबकडी आहे असं समजा. १२ ते ३ च्या मधला भाग झाडाच्या बुंध्याला, खुंटाला किंवा दगडाला टेकला, की संपूर्ण मशीन झटक्यात बाजूला फेकलं जातं. अनुभवी माणसाच्याही हातून ते सुटू शकतं. त्यामुळे उजवीकडून डावीकडे झोका घ्यायचा आणि पात्याच्या डाव्या बाजूने, म्हणजे ९ ते १२ च्या भागाने कापायचं. बुंध्याजवळ पातं नेण्यापेक्षा तिथलं गवत विळ्याने काढलेलं बरं.

मागून कुणी हाक मारली तर मशीनसकट वळू नये. आधी ट्रिगर सोडायचा, इंजिन बंद करायचं, पातं थांबू द्यायचं आणि मग वळायचं. ट्रिगर सोडल्यावरही पातं थोडा वेळ फिरतच असतं. पात्यात गुंतलेलं गवत काढतानाही हाच क्रम ठेवावा. शक्य असेल तर प्लगची टोपीही काढून ठेवावी.

लुंगी, गळ्यातला पंचा, ओढणी या कामात नकोच. लांब पँट आणि गमबूट हवेत. सापाच्या भीतीनेही ते बरेच. जाळीच्या फेसशील्डमधून बारीक कण आत येतात, म्हणून तिच्या आत सेफ्टी गॉगल लागतोच. साधा उन्हाचा चष्मा चालत नाही. कानांसाठी इअरमफ किंवा इअरप्लग वापरावेत. तासन्‌तास मशीन धरून बोटं बधिर होत असतील किंवा पांढरी पडत असतील, तर तो हादऱ्यांचा परिणाम आहे. काम मध्ये मध्ये थांबवायला हवं.

एवढं करूनही डोळ्यात काही उडालंच, तर डोळा चोळू नये आणि रुतलेला कण स्वतः काढू नये. डोळ्यावर दाब न देता कागदी कप किंवा तसंच काही झाकण ठेवून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जावं. वेगाने आलेला धातूचा बारीक कण फारसं न दुखताही डोळ्याच्या आत जाऊ शकतो. म्हणून मशीन चालवताना हे झालं, असं डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

पेट्रोल आणि देखभाल

टू-स्ट्रोक मशीनमध्ये पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. प्रमाण कंपनीनुसार बदलतं: २५:१ असेल तर लिटरला ४० मिलिलिटर, ५०:१ असेल तर २० मिलिलिटर. ऑइल विसरलं तर पिस्टन जाम होतो आणि दुरुस्तीचा मोठा खर्च येतो. फोर-स्ट्रोक मशीनमध्ये मात्र ऑइल वेगळं भरतात, पेट्रोलमध्ये मिसळायचं नसतं. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल भरू नये आणि जिथे भरलं तिथेच मशीन चालू करू नये. तापलेला सायलेन्सर वाळलेल्या गवतावर टेकवला, तर वणव्याला तेवढं निमित्त पुरतं.

न दाबलेल्या ट्रिगरवर, म्हणजे आयडलवर, पातं फिरत असेल तर मशीन वापरूच नये. आयडल सेटिंग जास्त असतं किंवा क्लचची स्प्रिंग गेलेली असते. स्पंजचा एअर फिल्टर साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा. गिअरबॉक्समध्ये पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे ग्रीस भरावं. पात्याचे सगळे दात सारखेच घासावेत, नाहीतर तोल जाऊन मशीन थरथरतं. तडा गेलेलं पातं वेल्डिंग करून पुन्हा लावू नये, फेकून द्यावं. पात्याचा नट बहुतेक मशीनमध्ये उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो. हे माहीत नसल्यामुळे जोर लावून नट खराब करणारे बरेच आहेत.

सीझन संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावं. आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतली ओल शोषतं. असं पेट्रोल कार्ब्युरेटरमध्ये महिनोन्‌महिने राहिलं, की पुढच्या वर्षी दोरी ओढून ओढून हात दुखतो, पण मशीन काही चालू होत नाही.