पोकळ स्तंभांचे कवच

मुंबईतील वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून १८६७ ते १८६९ या काळात येथे जोडण्यात आला. २००५ साली त्या वास्तूच्या सज्ज्याचा काही भाग कोसळला. जीर्ण बांधणीस सावरावे कसे, हा प्रश्न पुढील पोलादी युगासही सुटलेला नाही. १९९१ साली स्वित्झर्लंडमधील इबाखच्या काँक्रीटच्या पुलास कार्बनतंतूंच्या पट्ट्यांनी बळकटी देण्यात आली. नंतर ही रीत पोलादाकडे वळली. अतिभाराखाली पोकळ स्तंभाची पातळ भिंत बाहेर फुगते. आडवे गुंडाळलेले तंतू तो फुगवटा आवरतात. तथापि, दमट हवेत कार्बनला भिडलेले पोलाद लवकर गंजते. म्हणून मध्ये काचतंतूंचा थर घालावा लागतो. समुद्राकाठी हे पथ्य न पाळल्यास रक्षणाचे कवचच क्षयाचे कारण ठरेल.