फुलगावचे नवले

शिरूरहून पुण्याला जाताना लोणीकंदजवळ फुलगावचा रस्ता फुटतो. जनार्दन नवले १९०२ साली याच फुलगावात जन्मले. दौंडच्या मैदानावर खेळणाऱ्या पोरांना मी त्यांचं नाव विचारलं. एकालाही ठाऊक नव्हतं.

२५ जून १९३२. लॉर्ड्सवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली. भारताच्या डावातला पहिला चेंडू नवलेंनी खेळला, त्यांच्याआधी कोणा भारतीय संघाच्या फलंदाजाने कसोटीत चेंडू खेळलेला नव्हता.

पण मला आठवतो तो त्याआधीचा इंग्लंडचा डाव. देशात तेव्हा संघ धर्मावर पडत. नवले हिंदू संघाचे यष्टिरक्षक, महंमद निसार मुस्लिम संघाचे गोलंदाज. लॉर्ड्सवर निसारने होम्स आणि सटक्लिफचे त्रिफळे उडवले, तेव्हा यष्टींमागे नवले उभे होते. इंग्लंड ३ बाद १९!

१९३३ ची मुंबई कसोटी नवलेंची शेवटची ठरली. दोन कसोटी, चार डाव, ४२ धावा. १९७९ साली ते पुण्यात वारले.

आकडे लहान आहेत. पण निसारचा चेंडू आणि नवलेंचे हातमोजे एकाच संघाचे होते, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?