गोचिडांतील रिकेट्सिया : बाधेचे प्रमाण आणि नाशिक परिसर

दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत शिरल्याशिवाय जगता न येणारे सूक्ष्म जिवाणू म्हणजे रिकेट्सिया. त्यांच्या बऱ्याचशा जातींचे कायमचे बिऱ्हाड गोचिडाच्या शरीरात असते. माणूस त्यांच्या वाटेत चुकून येतो. एखाद्या भागातून गोळा केलेल्या गोचिडांपैकी शेकडा किती गोचिडांत हा जिवाणू सापडतो, त्याला बाधेचे प्रमाण म्हणतात. जगभरातल्या नोंदींत हे प्रमाण १ टक्क्याच्या खालून सुरू होते आणि जवळजवळ १०० टक्क्यांपर्यंत जाते. यातली मेख अशी की मोठे आकडे बहुधा सौम्य किंवा निरुपद्रवी जातींचे असतात. माणसाला मारू शकणाऱ्या जाती हजार गोचीड तपासावेत तेव्हा मोजक्या गोचिडांत सापडतात.

नावाचा घोटाळा : नाशिक जिल्ह्यात ‘गोचीड ताप’ म्हटले की गोठा डोळ्यांसमोर येतो. संकरित गाय चारा सोडते, दूध आटते, लघवी लाल होते, पशुवैद्य येऊन इंजेक्शन देतो. हा ताप बॅबेसिया, थायलेरिया आणि अॅनाप्लाझ्मा यांच्यामुळे येतो. पहिले दोन एकपेशीय परजीवी आहेत. अॅनाप्लाझ्मा हा रिकेट्सियाच्याच गणातला, म्हणजे भावकीतला जिवाणू. पण त्याची गाईतली जात माणसाला त्रास देत नाही. माणसाला गोचिडापासून येणाऱ्या रिकेट्सियाच्या तापाला वैद्यकात ‘भारतीय टिक टायफस’ म्हणतात. त्याला बोलीत रुळलेले नाव नाही, आणि ज्या आजाराला नाव नाही तो दवाखान्यात सांगताही येत नाही. त्यात आणखी भर म्हणजे याला टायफॉइड समजण्याची चूक सर्रास होते. टायफॉइड दूषित अन्नपाण्यातून येतो. त्याचा गोचिडाशी काही संबंध नाही. विदर्भात २०१८ साली गाजलेला स्क्रब टायफस हाही वेगळा. त्याचा जिवाणू ओरिएन्शिया, आणि तो पसरवणारी गवतातली तांबूस माइटची पिले गोचिडांपेक्षा कितीतरी लहान असतात.

गोचीड आणि यजमान : गोचीड हा कीटक नाही. तो कोळ्या-विंचवांच्या वर्गातला, आठ पायांचा (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलाला मात्र सहाच पाय असतात). पिलू, कुमार आणि प्रौढ अशा तिन्ही अवस्थांत त्याला रक्त लागते. ते तो कोणाकडून घेतो, यावर रिकेट्सियाचा सगळा हिशेब बसलेला आहे.

नाशिक जिल्ह्याचे गोचिडांच्या दृष्टीने दोन भाग पडतात. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पश्चिमेकडच्या तालुक्यांत सह्याद्रीचा पाऊस. इगतपुरीला वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. सिन्नर, येवला, नांदगाव, मालेगाव हा अवर्षणाचा पट्टा. पावसाळी भागातली डांगी गुरे घोटीच्या बाजारात नावाजलेली. त्यांची कातडी तेलकट असते आणि देशी गुरांच्या अंगावर गोचीड मुळातच कमी टिकतात. निफाड-सिन्नरकडच्या संकरित गाईंवर ते लगडतात. गाईवर सर्वांत जास्त आढळतो तो ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस. हा एकयजमानी आहे. पिलू म्हणून ज्या गाईवर चढला, तिच्यावरच तो प्रौढ होतो आणि अंडी घालायची वेळ झाली की जमिनीवर पडतो. माणसाकडे यायची त्याला गरज पडत नाही. म्हणून गोठ्यात गोचिडांचा कितीही सुकाळ असला, तरी माणसाच्या रिकेट्सियाच्या दृष्टीने तो दुय्यम ठरतो. हायलोमा गोचीड निराळे. ते लांब पायांचे आणि चपळ असतात, यजमान बदलतात आणि सावजाच्या मागे धावत जातात. जंगलकडेला हिमॅफिसॅलिसच्या जाती असतात. त्यांपैकीच हिमॅफिसॅलिस स्पिनिजेरा कर्नाटकातून सिंधुदुर्गातल्या दोडामार्गापर्यंत आलेला माकडताप पसरवतो.

रिकेट्सियाच्या बाबतीत मात्र खरा मानकरी कुत्र्याचा तपकिरी गोचीड, ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियस. चहाच्या टपरीपुढे लोळणाऱ्या कुठल्याही कुत्र्याचा कान उलटून पाहावा. कानाच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत, मानेच्या केसांत चपटे तपकिरी नर आणि त्यांच्या शेजारी फुगून करड्या झालेल्या माद्या चिकटलेल्या दिसतात. फुगलेली मादी हुबेहूब एरंडाच्या बीसारखी दिसते. लॅटिनमध्ये ‘रिसिनस’ म्हणजे गोचीड, आणि एरंडाचे शास्त्रीय नाव रिसिनस कम्युनिस. दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोमनांनाही तेच साम्य दिसले होते. पोट भरले की मादी गळून पडते आणि भिंतीच्या भेगेत, फरशीच्या सांध्यात, गोणपाटाच्या घडीत शिरते. तिथे ती हजारांच्या संख्येने अंडी घालून मरते. हा गोचीड तिन्ही अवस्थांत कुत्राच शोधतो. कुत्रा मिळाला नाही, किंवा उन्हाळा कडक असला, की तो माणसालाही चावतो. उष्णतेत हा माणसाकडे जास्त वळतो, असे फ्रान्समधल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले आहे.

बाधित मादीच्या अंड्यांतूनही रिकेट्सिया पिलांत उतरतो. म्हणजे पिलू जन्मतःच जंतू घेऊन येते, त्यासाठी त्याला आजारी कुत्र्याला चावावे लागत नाही. कुत्र्याच्या रक्तात हा जिवाणू थोडे दिवस फिरतो आणि नाहीसा होतो. खरा साठा गोचिडातच असतो.

मोजायचे कसे : मोकळ्या रानातले गोचीड गोळा करायला पांढऱ्या फ्लॅनेलचे मीटरभर कापड काठीला बांधून गवतावरून ओढतात. दहा-वीस पावलांनी कापड उलटायचे आणि चिकटलेले गोचीड चिमट्याने उचलून अल्कोहोलच्या कुपीत टाकायचे. कुत्र्याच्या गोचिडासाठी हा खटाटोप फुकट जातो, कारण तो गवतात थांबत नाही, भिंतीत राहतो. त्याला कुत्र्यावरूनच उचलावे लागते, आणि तिथेच आकडा बिघडायला सुरुवात होते. रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडात सापडलेला जंतू त्याचा स्वतःचा की नुकत्याच प्यायलेल्या रक्तातला, हे त्यावरून ठरत नाही. गवतातून उचललेल्या उपाशी गोचिडाचा निकाल म्हणूनच जास्त विश्वासाचा.

दुसरी अडचण खर्चाची. एकेक गोचीड तपासणे महाग पडते, म्हणून दहा-दहा एकत्र कुटून तपासतात. समजा २०० गोचिडांचे दहा-दहाचे २० गट केले आणि ३ गटांत रिकेट्सियाचे जनुक सापडले. प्रत्येक गटात एकच बाधित धरला तर प्रमाण १.५ टक्के, गटातले सगळेच बाधित धरले तर १५ टक्के. प्रबंधात बहुतेक वेळा पहिला आकडा छापतात आणि त्याला किमान बाधा-दर म्हणतात. बातमीत ‘किमान’ हा शब्द गळतो. शिवाय ज्या जनुकावरून ‘रिकेट्सिया आहे’ असे ठरते, त्यावरून जात कळतेच असे नाही. जात ओळखायला जनुकाचा क्रम वाचावा लागतो. ‘अमुक जिल्ह्यात इतके टक्के गोचीड बाधित’ हे वाक्य म्हणूनच अर्धे असते. कुठला गोचीड, उपाशी की भरलेला, एकेक तपासला की गटाने, आणि रिकेट्सियाची जात कुठली, इतके कळले तर ते पुरे होते.

जगातील प्रदेशभेद : हॉवर्ड रिकेट्स या अमेरिकी संशोधकाने १९०६ साली मोंटानातल्या बिटररूट खोऱ्यात दाखवले की रॉकी पर्वतातला ठिपक्यांचा ताप गोचीड पसरवतो. पुढे १९१० मध्ये मेक्सिकोत टायफसवर काम करताना त्यालाच टायफस होऊन तो मेला. जिवाणूला नाव मिळाले त्याचेच. बिटररूटच्या त्या रिकेट्सिया रिकेट्सीचे गोचिडांतले प्रमाण बहुतेक ठिकाणी १ टक्क्याहूनही कमी भरते. त्याची दोन कारणे सापडली. हा जंतू स्वतःच्या गोचिडालाही मारतो, त्यामुळे पिढ्यानपिढ्या टिकत नाही. दुसरे कारण मजेशीर आहे. त्याच खोऱ्याच्या पूर्व बाजूच्या गोचिडांत रिकेट्सिया पीकॉकी ही निरुपद्रवी जात आधीच ठाण मांडून असते आणि अंड्यांत दुसऱ्या रिकेट्सियाला शिरू देत नाही. नदीच्या पश्चिमेला माणसे मरत होती आणि पूर्वेला जवळजवळ नाही, याचे कोडे काही दशकांनी असे सुटले.

उलट टोकाला अमेरिकेच्याच पूर्व भागात आयक्सोडिस स्कॅप्युलॅरिसच्या जवळजवळ प्रत्येक मादीत रिकेट्सिया बुकनेरी असतो, आणि त्यामुळे माणसाला आजार होत असल्याचे दिसत नाही. अँब्लियोमा अमेरिकॅनम या गोचिडात रिकेट्सिया अँब्लियोमाटिस अनेक भागांत तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत आणि त्याहूनही वर सापडतो. आफ्रिकेत आणि कॅरिबियन बेटांवर गुरांवरच्या अँब्लियोमांत रिकेट्सिया आफ्रिकीचे प्रमाण कित्येकदा निम्म्याहून वर जाते. त्याचा ताप येतो, पण सहसा जिवावर बेतत नाही, आणि तो जास्त करून सफारीहून परतलेल्या पर्यटकांत ओळखला जातो. ऑस्ट्रेलियाजवळच्या फ्लिंडर्स बेटावर सरड्या-सापांच्या गोचिडांत रिकेट्सिया होनेई निम्म्याहून अधिकांत मिळाला. युरोपात आयक्सोडिस रिसिनसमधल्या रिकेट्सिया हेल्वेटिकाचे प्रमाण गावागणिक बदलते. भूमध्य समुद्राकाठच्या कुत्र्यांच्या गोचिडात रिकेट्सिया कोनोरी मात्र थोडाच सापडतो. ट्युनिसमध्ये १९१० साली या तापाचे वर्णन करणाऱ्या कोनोरच्या नावावरून ही जात ओळखली जाते. भारतीय टिक टायफसचा जंतू याच जातीचा आहे.

लहान आकडा म्हणजे लहान धोका नव्हे, हे अॅरिझोनाने २००३ पासून दाखवले. तिथल्या आदिवासी वस्त्यांत मोकाट कुत्रे वाढले होते आणि त्यांच्यावर नाशिकच्या गल्लीत असतो तोच तपकिरी गोचीड होता. रिकेट्सिया रिकेट्सी त्या गोचिडात आला आणि मुले दगावू लागली. दरवाजाबाहेरच्या एका कुत्र्यामागे शेकडो गोचीड असले तर त्यांतले एक-दोन बाधित असणेही पुरेसे होते. पुढे कुत्र्यांना औषधी पट्टे बांधले आणि घराभोवती फवारणी केली, तशी रुग्णसंख्या उतरली.

भारत आणि महाराष्ट्र : कुमाऊंच्या डोंगरांतल्या टायफससारख्या तापाची नोंद भारतीय वैद्यकीय सेवेतल्या जॉन मेगॉ यांनी १९१७ मध्ये केली आणि १९२१ मध्ये गोचिडावर बोट ठेवले. तपकिरी गोचिडातून जंतू वेगळा काढला गेला तो १९५० मध्ये. भूमध्य समुद्राकाठच्या जंतूपासून तो जनुकांच्या पातळीवर थोडा निराळा असल्याचे पुढे दिसले आणि २००५ साली त्याला रिकेट्सिया कोनोरी इंडिका ही स्वतंत्र उपजात मानले गेले.

महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी पुणे जिल्ह्यातल्या गोचीडजन्य रिकेट्सिया-रोगांचा अभ्यास १९८४ साली प्रसिद्ध केला. विषाणूंसाठी उभारलेल्या संस्थेने जिवाणूंचा माग घ्यावा हे थोडे गमतीचे वाटते. पण माकडतापामुळे गोचीड ओळखणारी माणसे तिथेच होती. या रोगाला राज्यातल्या डॉक्टरांच्या रोजच्या बोलण्यात आणले ते बालरोगतज्ज्ञांनी. अकोल्याचे नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ३५ गुणांची एक मोजपट्टी मांडली. खेड्यात राहणे, घरात पाळीव जनावर, गोचिडाशी संबंध, लाल डोळे, पायावर सूज, तळहात-तळपायावर पुरळ अशा लक्षणांना आणि काही साध्या रक्त-तपासण्यांना गुण द्यायचे. १४ किंवा त्याहून अधिक भरले तर रिकेट्सियाचा ठिपक्यांचा ताप समजून उपचार सुरू करायचे. तालुक्याच्या गावी जनुकचाचणीचे यंत्र नसते, तिथे हीच पट्टी हाताशी उरते. वाइल-फेलिक्स ही १९१६ सालची जुनी चाचणी स्वस्त आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवता येत नाही.

तळहात-तळपायावरचे पुरळ ही या तापाची खूण. सावळ्या कातडीवर ते उशिरा दिसते, आणि चाव्याच्या जागी पडणारा काळा खपलीचा डाग भारतीय रुग्णांत बऱ्याचदा सापडतच नाही. गोचीड चावल्याचे रुग्णाला आठवेलच असे नाही, कारण चावा दुखत नाही. डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाले तर ताप साधारण दोन-तीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावर बसलेला जंतू बोटे, कान, नाकाचे टोक काळे पाडतो.

गोचीड काढणे : उपाशी गोचिडातला रिकेट्सिया मरगळलेला असतो. रॉकी पर्वतातल्या तापावर काम करणाऱ्या स्पेन्सर आणि पार्कर यांना १९२० च्या दशकात आढळले की गोचीड काही तास रक्त पीत राहिला म्हणजे त्याच्यातला जंतू पुन्हा तेज होतो. अंगाला नुकताच चिकटलेला गोचीड लगेच काढला तर बाधेची शक्यता कमी राहते ती यामुळेच. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढायचा. रॉकेल, चुना किंवा पेटती काडी लावायची नाही. कुत्र्याच्या अंगावरचा फुगलेला गोचीड मात्र दोन-चार दिवस रक्त पीत बसलेला, म्हणजे आतला जंतू पूर्ण जागा झालेला असतो. ओसरीवर बसून पोरे तो नखाने उपटतात आणि दोन नखांत चिरडतात. ‘टच्’ आवाज येतो, रक्त बोटावर उडते आणि तेच बोट डोळ्याला लागते. चावा न होताही रिकेट्सिया शरीरात शिरायला एवढे पुरते. बोटावरची चीर किंवा डोळ्याचे अस्तर त्याला चालते. साबणपाण्याच्या किंवा स्पिरिटच्या बाटलीत गोचीड टाकला की तो मरतो, आणि हात धुतले की काम संपते.