घरोघर जाणारी पावले आणि त्यांचा खर्च

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी नागपूरच्या इतिहासावर काही लिहावे, असे संपादक मंडळातील भगिनींनी सुचविले. नागपूरचा इतिहास म्हटला की भोसले, सीताबर्डीचा किल्ला आणि मध्यप्रांताची राजधानी एवढेच बहुधा सांगितले जाते. मी त्याहून लहान विषय निवडला आहे. घरात मूल जन्मले म्हणजे त्या आईच्या दाराशी मदतीला कोण आले, आणि त्या येण्याजाण्याचा खर्च कोणी सोसला, एवढाच तो विषय. लहान खरा, पण आपल्यासारख्या महिला मंडळाशी त्याचे नाते जवळचे आहे.

आपल्या आज्यापणज्यांच्या काळी ही व्यवस्था घरातच होती. पहिलटकरीण माहेरी जाई. सुईण येई, तेल-पाणी आणि शेकशेगडी होई, बाळाला न्हाऊमाखू घालण्यास आजी किंवा आत्याबाई असत. सुईणीला धान्य आणि लुगडे-चोळी मिळे, म्हणजे तेव्हाही ही मदत फुकट नव्हती. त्या व्यवस्थेत माया होती, तसे अज्ञानही होते. बाळंतिणीची खोली अंधारी असे, नाळ कापण्याचे हत्यार उकळून घ्यावे हे ठाऊक नसे, आणि कित्येक आया व कित्येक बाळे त्यातच जात. जिला माहेरच नव्हते तिचे हाल तर विचारूच नयेत.

१८८५ साली लेडी डफरिन यांच्या नावाने फंड निघाला आणि हिंदुस्थानात स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टरांची रुग्णालये उभी राहू लागली. काम मोलाचे होते, परंतु पुष्कळ घरांतील बायका रुग्णालयाची पायरी चढायला तयार नव्हत्या. त्यांना आपले वाटेल असे माणूस हवे होते. ते नागपूरला १९२१ साली मिळाले. तरुणपणी वैधव्य आलेल्या आणि परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने सीताबर्डीवर मातृसेवा संघ सुरू केला. परिचर्येचे काम हलके समजले जाई अशा त्या काळी एका विधवेने ते हाती घ्यावे, हीच मोठी गोष्ट होती. संघ वाढला तो लोकांच्या विश्वासावर आणि देणग्यांवर. पुढे विदर्भात व मध्यप्रदेशात त्याच्या शाखा निघाल्या आणि १९६१ साली कमलाताईंना पद्मश्री मिळाली.

तथापि प्रसूतिगृहातून बाळंतीण काही दिवसांनी घरी येतेच. खरी काळजी तेथून पुढे सुरू होते. अंगावर पाजणे, बाळाला ऊब देणे, त्याचे रडणे ओळखणे, त्याच्याशी बोलणे-खेळणे हे सारे घरातच व्हायचे असते. याचा विचार आपल्या शेजारीच, सेवाग्रामला झाला. १९३७ साली वर्ध्याला नई तालीम मांडली गेली तेव्हा ती सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती होती. १९४५ च्या जानेवारीत सेवाग्रामच्या परिषदेत गांधीजींनी ती आईच्या उदरापासून मानली. म्हणजे मुलाच्या शिक्षणाआधी आईबापांचे शिक्षण आले. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम मांडले. वस्तीतील मुले शाळेकडे येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्या कामातून आला.

सरकारी पैसा हळूहळूच आला. १९५३ साली दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झाले आणि गावोगावच्या महिला मंडळांना बालवाड्यांसाठी अनुदान मिळू लागले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू झाली, त्यांत आपल्या मेळघाटातील धारणी होते. घरभेट हे अंगणवाडीताईच्या कामांपैकी एक ठरले. पण आहार शिजविणे, वाटणे आणि नोंदवह्या भरणे यांतच तिचा दिवस जाई, आणि घरभेट उरलेल्या वेळात होई.

घरभेटीची किंमत सर्वांना पटवून दिली ती गडचिरोलीने. नागपूरच्या मेडिकल कॉलेजात शिकलेले डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहधर्मचारिणी डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था काढली. नवजात बाळे फार दगावत होती आणि रुग्णालये दूर होती. १९९५ पासून त्यांनी ३९ गावांतील बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. बाळाचे वजन घेणे, त्याला गुंडाळून उबदार ठेवणे, आईला पाजण्यास बसविणे, बाळ श्वास घेत नसेल तर हवा देणे आणि जंतुदोष झाल्यास सुई टोचणे, एवढे त्या शिकल्या. गावातल्या बाईच्या हाती सुई द्यावी काय, ही शंका निघालीच. उत्तर आकड्यांनी दिले. आधी तेथे जन्मलेल्या दर हजारांपैकी सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच जात. १९९७-९८ मध्ये तो आकडा २५ च्या आसपास आला, आणि ज्या गावांत हे काम नव्हते तेथे तो ६० च्या जवळच राहिला. १९९९ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्राने हे छापले. एका बाळामागे खर्च आला होता ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने दोनशे-सव्वादोनशे रुपये. एवढ्यात बारशाचे जेवणही होत नाही!

बारा वर्षांनी, २०११ साली, केंद्र सरकारने ही पद्धत देशभर लागू केली आणि घरभेटी आशाताईंकडे सोपविल्या. बाळंतपण रुग्णालयात झाले तर बेचाळीस दिवसांत सहा भेटी, घरी झाले तर सात, आणि त्या सगळ्यांचे मिळून २५० रुपये. सहाने भागल्यास एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. २०१८ साली तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी पाच भेटी आल्या, त्या प्रत्येकीला ५० रुपये. मोबदल्यासाठी राज्यातील आशांना २०२३ च्या ऑक्टोबरात संपावर जावे लागले, ही गोष्ट आपण सर्वांनी वृत्तपत्रांत वाचली आहे.

मूल जगले म्हणजे सारे झाले असेही नव्हे, ते फुलले पाहिजे. यासाठी २०१८ मध्ये सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफच्या साह्याने ‘आरंभ’ हा कार्यक्रम मांडला. यवतमाळ आणि तेव्हाचा औरंगाबाद जिल्हा यांपासून सुरुवात झाली. बाळाशी बोलावे कसे, घरातल्या वाट्या-चमच्यांनी खेळावे कसे, बापानेही मूल कसे घ्यावे, हे अंगणवाडीताई आईबापांना सांगू लागल्या. दूरच्या जमैका बेटावर १९८६-८७ साली असाच प्रयोग झाला होता. १२९ खुरटलेल्या बालकांपैकी काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जाऊन आईला बाळाशी खेळायला शिकवीत. वीस वर्षांनी पाहिले तो, त्या मुलांची कमाई तशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे पाव पटीने अधिक होती.

मग इतक्या स्वस्त आणि इतक्या गुणकारी कामाला पैसा इतका उशिरा का मिळतो? माझ्या मते कारण साधे आहे. इमारतीवर देणगीदाराच्या नावाची पाटी लागते. घरभेटीची पाटी कोठे लावणार? मूल आजारी पडले नाही, आई घाबरली नाही, याचे उद्घाटन होत नाही. म्हणून खर्चाची यादी करताना घरभेट शेवटी आठवते आणि काटकसर करताना सर्वांत आधी ती वगळली जाते.

आपल्या भागातही आता सासू-नणंदांनी भरलेली घरे थोडी. बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यांत नोकरीला आलेली जोडपी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. बांधकामावर आलेल्या मजूर बायकांचे माहेर तर कित्येक कोसांवर. काही भगिनी म्हणतील, सरकार करतेच आहे, आपण कशाला? तर आशाताईला एकटीला शेकडो घरे बघावी लागतात. तिची जागा आपण घ्यायची नाही, तिच्या जोडीने जायचे. कोणी म्हणतील, परक्या घरी सल्ला द्यायला गेलेले खपेल काय? नाही खपणार. म्हणून सल्ला द्यायला जाऊ नये. आधी घरातल्या सासूबाईंपाशी बसावे, त्यांनी चार मुले कशी वाढविली ते विचारावे. त्या बोलू लागल्या की सूनबाईही मोकळी होते.

म्हणून माझी एक सूचना आहे. आपल्या आनंदमेळ्याचे आणि वर्गणीचे जे पैसे जमतात, त्यांतील रुपयातले दहा पैसे दरवर्षी ‘घरभेट निधी’ म्हणून वेगळे ठेवावेत. त्यांतून जाणाऱ्या भगिनींचे ऑटोभाडे, त्यांच्या शिक्षणाचा खर्च आणि चिंध्यांच्या बाहुल्या-खुळखुळ्यांचे सामान निघेल. ज्या भगिनींना जाण्यायेण्याची ऐपत नाही त्यांनाही मग या कामात येता येईल, कारण पदरचे भाडे खर्चून सेवा करा असे सांगणे न्यायाचे नाही. वार्षिक अहवालात सभागृहाच्या रंगरंगोटीचा हिशेब असतो तसा या निधीचाही असावा. किती घरी गेलो, किती वेळा गेलो आणि किती पैसे लागले, एवढ्या तीन ओळी पुरेत.

येत्या सर्वसाधारण सभेत अध्यक्षाबाईंनी हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. सीताबर्डीवर दोघीजणींनी काम सुरू केले होते. आपल्या मंडळात तर त्याहून कितीतरी अधिक आहेत.