श्रेयनामावलीतले शहर

चित्रपटाच्या आरंभी कलावंतांची आणि तंत्रज्ञांची नावे दाखवणाऱ्या भागाला श्रेयनामावली म्हणतात, आणि १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हॉलिवूडमध्ये हा भाग बहुतांशी करारातून आलेली औपचारिकता होता. कोणाचे नाव आधी यावे, कोणाचे अक्षर किती मोठे असावे, हे वाटाघाटींत ठरत असे. प्रेक्षक तेवढ्या वेळात खुर्चीवर स्थिरावत, आणि कित्येक चित्रपटगृहांत नावे सरकलेली असली तरी पुढचा मखमली पडदा अजून पुरता उघडलेला नसे. १९५५ साली ही स्थिती एकाच वेळी दोन दिशांनी बदलली. ऑटो प्रेमिंजर यांच्या ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’ या चित्रपटासाठी सॉल बास यांनी पांढऱ्या पट्ट्यांची आणि वाकड्यातिकड्या हाताच्या आकृतीची श्रेयनामावली रचली, आणि याच वर्षी रिचर्ड ब्रुक्स यांच्या ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या चित्रपटातील नावांवर बिल हेली आणि त्यांच्या ‘कॉमेट्स’ या वाद्यवृंदाचे ‘रॉक अराउंड द क्लॉक’ वाजले. श्रेयनामावलीच्या इतिहासात पहिला मान नेहमी बास यांना दिला जातो आणि तो योग्यच आहे. परंतु किशोरांच्या विनोदी चित्रपटापुरते पाहिले, तर दुसऱ्या घटनेचे वजन अधिक भरते.

‘ब्लॅकबोर्ड जंगल’ हा विनोदी चित्रपट नव्हे. न्यूयॉर्कमधील, व्यवसायशिक्षण देणाऱ्या मुलांच्या शाळेतील हिंसेविषयीची ती गंभीर कथा आहे. हेली यांचे गाणे एप्रिल १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झाले होते आणि तबकडीच्या दुसऱ्या बाजूवर जवळजवळ दुर्लक्षित पडले होते. चित्रपटानंतर, जुलै १९५५ मध्ये, ते ‘बिलबोर्ड’ या साप्ताहिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. किशोरवयीन प्रेक्षक हा स्वतंत्र, पैसे खर्च करणारा वर्ग आहे आणि त्याला पहिल्या मिनिटातच त्याच्या संगीताने हाक मारता येते, हे निर्मात्यांना येथे कळले. जॉर्ज लुकास यांनी १९७३ च्या ‘अमेरिकन ग्राफिटी’त हेच गाणे पुन्हा आरंभी आणले, मात्र मागे शाळा नव्हती, तर ‘मेल्स’ हे ड्राइव्ह-इन उपाहारगृह होते, म्हणजे जेथे गाडीतून न उतरता खाद्यपदार्थ मागवता येतात असे ठिकाण.

या दोन आरंभांच्या मधल्या अंतरात या चित्रप्रकाराचे एक सूत्र दडलेले आहे. किशोरांच्या विनोदी चित्रपटांत भूमिका करणारे बहुतेक नट नवखे असत, त्यांची नावे वाचून कोणी तिकीट काढत नसे. त्यामुळे प्रौढांच्या चित्रपटात नावाजलेला चेहरा जे काम करतो, ते काम येथे गाण्यावर आणि ठिकाणावर आले.

हे सूत्र सर्वांत पूर्णत्वाने दिसते ते एमी हेकरलिंग यांच्या ‘फास्ट टाइम्स ॲट रिजमाँट हाय’ (१९८२) या चित्रपटात. श्रेयनामावली लॉस एंजेलिसच्या सॅन फर्नांडो खोऱ्यातील ‘शर्मन ओक्स गॅलेरिया’ या मॉलमध्ये घडते आणि तिच्यावर ‘गो-गोज’ या लॉस एंजेलिसच्याच, केवळ स्त्रियांच्या वाद्यवृंदाचे ‘वी गॉट द बीट’ वाजते. व्हिक्टर ग्रुएन यांनी मिनेसोटातील ईडायना येथे १९५६ साली उभारलेल्या ‘साउथडेल’पासून छताखालच्या, वातानुकूलित मॉलची परंपरा सुरू झाली होती, पण ‘गॅलेरिया’ १९८० च्या सुमारास नवाच होता आणि खोऱ्यातील मुलांनी तो लगेच आपला केला होता. सरकते जिने, व्हिडिओ खेळांची दालने, घोळके करून हिंडणारी मुले, असे दृश्यांचे तुकडे ढोलाच्या ठेक्यावर एकमेकांना जोडलेले आहेत आणि नावे त्यांच्यावरून जातात. येथे मॉल हे केवळ खरेदीचे ठिकाण नाही, ही गोष्ट फार मोलाची आहे. कथेतील किशोरांपैकी स्टेसी पिझ्झाच्या दुकानात वाढपाचे काम करते, रॅट्नर समोरच्या चित्रपटगृहात गणवेश घालून उभा असतो, आणि त्याचा एक मित्र तेथेच मैफलींची तिकिटे चढ्या भावाने विकतो. किशोर गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. कॅमेरन क्रो यांनी विद्यार्थी असल्याचे भासवून सॅन दिएगोतील एका शाळेत राहून लिहिलेल्या पुस्तकावर पटकथा आधारलेली असल्याने श्रमाचे हे भान तिच्यात आले असावे. शिवाय अमेरिकेत त्या काळी अनेक नवी चित्रपटगृहे मॉलमध्येच होती, त्यामुळे बऱ्याच प्रेक्षकांनी नुकताच ज्या प्रकारचा जिना चढला होता, तोच पडद्यावर पाहिला. १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपात ‘गॅलेरिया’ची हानी झाली आणि पुढे त्याचे रूप बदलून खुल्या आवाराचे केंद्र झाले, त्यामुळे जुन्या अंतर्भागाचा एक उत्तम दृश्य पुरावा आज या श्रेयनामावलीत आहे, आणि स्थानिक इतिहास लिहिणाऱ्यांनी तो गांभीर्याने वापरला पाहिजे.

तेरा वर्षांनी हेकरलिंग यांनीच ‘क्लूलेस’ (१९९५) केला. जेन ऑस्टेन यांच्या ‘एमा’ या कादंबरीवरून घेतलेली ही कथा बेव्हर्ली हिल्सच्या श्रीमंत वस्तीत आणली आहे. किम वाइल्ड यांचे १९८१ चे ‘किड्स इन अमेरिका’ हे गाणे ‘मफ्स’ या गटाच्या आवाजात वाजत असताना मुली उघड्या जीपमधून फिरतात, खरेदी करतात, तरणतलावाकाठी रमतात. मग नायिका शेर हिचे निवेदन मध्ये शिरते आणि हे सारे एखाद्या सौंदर्यप्रसाधनाच्या जाहिरातीसारखे वाटत असेल, पण आपले आयुष्य अगदी साधे आहे, असा दावा करते. काम करणारी मुले आता चौकटीबाहेर गेली आहेत; उरला आहे तो ग्राहक, आणि दिग्दर्शिकेला हा फरक नेमका ठाऊक आहे, म्हणूनच तिने चित्रांपाठोपाठ लगेच त्यांच्याविषयीचे भाष्य नायिकेच्या तोंडी घातले.

‘जूनो’ (२००७) या चित्रपटाच्या श्रेयनामावलीने पुढे स्थळाचे छायाचित्रणच जवळजवळ सोडले. ‘शॅडोप्ले स्टुडिओ’ने नायिकेला ट्रेडमिलवर चालवून शेकडो छायाचित्रे घेतली, झेरॉक्सवर पुन्हा पुन्हा प्रती काढून त्यांची रेषा खरबरीत केली, हाताने कापली आणि एकेक करून हलवली, त्यामुळे उपनगरातील रस्ता रेखाटनाचा झाला. जीप नाही, मॉल नाही, एक मुलगी रस बाटलीतून पीत पायी औषधाच्या दुकानाकडे जाते, आणि खिशात पैसे बेताचे असलेल्या किशोरवयाचे शहर प्रत्यक्षात बहुतेक वेळा एवढेच असते.