बर्डवुड, सर जॉर्ज ख्रिस्टोफर मोल्सवर्थ

(८ डिसेंबर १८३२ – २८ जून १९१७). मुंबईच्या गव्हर्न्मेंट सेंट्रल म्यूझियमचे क्यूरेटर, भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्यूझियमच्या (आताचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय) उभारणी समितीचे सहचिटणीस, वैद्य, वनस्पतिज्ञ आणि भारतीय हस्तव्यवसायांवरील ग्रंथकार. जन्म बेळगावचा. वडील कंपनीच्या लष्करात, पुढे जनरल. आईचे वडील रेव्हरंड जोसेफ टेलर हे लंडन मिशनरी सोसायटीचे मुंबई इलाख्यातील प्रतिनिधी. शिक्षण प्लिमथ व एडिनबर्ग येथे. १८५४ मध्ये एम.डी. होऊन ते मुंबई इलाख्याच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. १८५६-५७ च्या इराण-युद्धात ‘अजदहा’ या वाफेच्या लढाऊ जहाजावर काम. परतल्यावर ग्रँट मेडिकल कॉलेजात आधी शरीररचना व शरीरक्रिया, मग वनस्पतिशास्त्र व औषधिद्रव्यविज्ञान हे विषय त्यांनी शिकवले. मुंबई विद्यापीठाचे रजिस्ट्रार, एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचे चिटणीस आणि १८६४ चे शेरीफ ही पदेही याच काळातली. प्रकृती बिघडल्याने १८६८ मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

बर्डवुड यांचे नाव आज दोन परस्परविरोधी कारणांसाठी घेतले जाते. हिंदी कारागिरीची थोरवी इंग्रजी वाचकाला पटवून देणारा १८८० चा ग्रंथ त्यांचा, आणि भारतीय मूर्तिकलेला ‘ललितकला’ म्हणायला नकार देऊन १९१० मध्ये लंडनमध्ये वादळ उठवणारे तोंडही त्यांचेच. चरित्रकार यातली एक बाजू धरतात आणि दुसरी वार्धक्याच्या किंवा साम्राज्यशाहीच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. प्रस्तुत नोंदीची भूमिका वेगळी आहे. या दोन मतांत विसंगती नाही. दोन्हींचे मूळ मुंबईच्या दहा वर्षांत, विशेषतः क्यूरेटर म्हणून त्यांच्या हाताखालून गेलेल्या मालात आहे. बिया, साली, डिंक, तेले आणि तंतू यांची मांडणी करताना जी नजर तयार झाली तीच त्यांनी पुढे तांब्यापितळेकडे, शालूंकडे आणि शेवटी बुद्धमूर्तीकडेही वळवली.

मुंबईचे सेंट्रल म्यूझियम कलेच्या ओढीने निघालेले नव्हते. लंडनचे १८५१ चे आणि पॅरिसचे १८५५ चे अशा दोन जागतिक प्रदर्शनांसाठी इलाख्यातून नमुने गोळा करण्याची जी खटपट झाली, तिच्यातून इथेही एक संच ठेवावा ही कल्पना पुढे आली. लॉर्ड एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना कोटातल्या टाउन बॅरेक्समध्ये हा संग्रह मांडला गेला आणि ‘बॉम्बे टाइम्स’चे संपादक डॉ. जॉर्ज बुइस्ट यांच्याकडे त्याची व्यवस्था आली. १८५७ च्या उठावात फौजेला बराकी हव्या झाल्या. संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला, त्यात बराच माल नासला, आणि उरलासुरला टाउन हॉलमध्ये (आजच्या एशियाटिक ग्रंथालयाच्या वास्तूत) हलवला गेला. बर्डवुड यांच्या हाती आला तो हा उरलेला भाग. फ्रान्समध्ये कौंट द फोर्बँ १८१६ मध्ये शाही संग्रहालयांचे संचालक झाले तेव्हा लूव्रचा राजवाडा, भिंतीवरची चित्रे आणि राजाचा खजिना असे तिन्ही त्यांच्या पाठीशी होते. चित्रे खरेदी करणे, नवे दालन उघडणे, मिलोच्या व्हीनसला जागा देणे अशी त्यांची कामे. मुंबईच्या क्यूरेटरकडे इमारत नव्हती, खरेदीसाठी पैसा नव्हता आणि राजाही नव्हता. त्याच्याकडे होती बाटल्यांतली बियाणी आणि त्यांवरच्या चिठ्ठ्या. संग्रहालयप्रमुख या एकाच पदाच्या नावाखाली इतकी भिन्न कामे येतात, हे लक्षात घेतल्याशिवाय बर्डवुड यांची तुलना युरोपातल्या संग्रहालय-संचालकांशी करण्यात अर्थ नाही.

या कामाचा सर्वांत भक्कम पुरावा म्हणजे त्यांची सूची. १८६२ मध्ये निघालेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीच्या नावातच ती सेंट्रल म्यूझियमची सूची असल्याचे नमूद आहे, आणि विषय आहे कच्चा वनस्पतिज माल. १८६५ च्या दुसऱ्या आवृत्तीला पश्चिम हिंदुस्थानच्या बाजारांत विकल्या जाणाऱ्या औषधींची यादी जोडलेली आहे. म्हणजे संग्रहालयातल्या काचेच्या कपाटाचे दुसरे टोक गांधी-पंसाऱ्याच्या दुकानात होते. वस्तू कुठून येते, बाजारात तिला काय म्हणतात, तिचा उपयोग काय, हे प्रश्न इथे महत्त्वाचे. ती कोणी केली हा प्रश्न हिरड्याच्या किंवा अंबाडीच्या बाबतीत उद्भवतच नाही. सूचीला व्यापारी मोलही होते: अमेरिकन यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि इलाख्यात आणखी काय पिकते, काय विकता येईल, याची चौकशी जोरात होती. तरी तिला केवळ व्यापाऱ्यांची यादी म्हणून बाजूला सारता येत नाही. देशी नावे आणि देशी उपयोग शास्त्रीय नावाच्या शेजारी बसवण्याचे हे काम वैद्यकाच्या अध्यापकाचे आहे, आणि त्यात ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या हिंदी डॉक्टरांचा सहवास उघड दिसतो.

धूपवृक्षांवरील निबंध हा याच कामाचा पुढचा टप्पा. सोमाली किनाऱ्यावरून आणि अरबस्तानातून येणारा कुंदुरू मुंबईच्या बाजारात उतरे, निवडला जाई आणि इथून पुढे युरोपला जाई. पण तो नेमका कोणत्या झाडाचा, याबद्दल घोळ होता. झाडाच्या सालीला चीर दिली की दुधासारखा चीक पाझरतो आणि वाळून त्याचे फिकट पिवळे, अश्रूच्या आकाराचे खडे होतात. बाजारात पोचतात ते खडे, झाड नव्हे. सालईच्या कुळातली ही झाडे मागवून त्यांची रोपे भायखळ्याच्या व्हिक्टोरिया गार्डनमध्ये वाढवण्यात आली. १८७० मध्ये लिनीयन सोसायटीच्या ‘ट्रॅन्झॅक्शन्स’मधून बर्डवुड यांनी या प्रजातीची मांडणी प्रसिद्ध केली. त्यातल्या एका जातीला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून ‘फ्रेरियाना’, एकीला अरबस्तानच्या किनाऱ्यावर संशोधन केलेले मुंबईचे सर्जन हेन्री कार्टर यांच्यावरून ‘कार्टेरी’ आणि एकीला मुंबईचे डॉ. भाऊ दाजी यांच्यावरून ‘भाऊदाजियाना’ असे नाव दिले. फ्रेरियाना टिकली, भाऊ दाजींच्या नावाची जात पुढे दुसऱ्या जातीत विलीन करण्यात आली. संग्रहालयाच्या इतिहासात हा निबंध सहसा येत नाही. तो यायला हवा, कारण संग्रह, बाग, बाजार आणि शास्त्र हे चारही धागे एका जागी गुंफलेले बर्डवुड यांच्या कारकिर्दीत इथेच पहायला मिळतात.

या भूमिकेवर एक आक्षेप असा, की भायखळ्याचे संग्रहालय बर्डवुड यांचे म्हणणेच चूक आहे. ते मुंबईकरांच्या वर्गणीतून उभे राहिले. आक्षेपात तथ्य आहे. राणीचा जाहीरनामा निघाला त्या १८५८ साली नव्या संग्रहालयाचा विचार सार्वजनिक पातळीवर सुरू झाला. गिरगावचे नाना शंकरशेट समितीचे अध्यक्ष होते, आणि चिटणीस दोघे: डॉ. भाऊ दाजी व बर्डवुड. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी फ्रिअर यांनी कोनशिला बसवली. लोकांकडून १ लाख १६ हजारांवर रुपये जमले. डेव्हिड ससून यांनी मॅथ्यू नोबलने घडवलेला प्रिन्स अल्बर्टचा पुतळा दिला. मग १८६५ मध्ये कापसाचा बाजार कोसळला. नाना शंकरशेट त्याच वर्षी ३१ जुलैला वारले, भाऊ दाजींची स्वतःची मालमत्ता सट्ट्यात गेली, आणि इमारत अर्धवट राहिली. सरकारने १ लाख रुपये घातले तेव्हा कुठे ती पुरी झाली आणि २ मे १८७२ रोजी लोकांसाठी खुली झाली. एकूण खर्च ४ लाख ३० हजार. बर्डवुड तोवर इंग्लंडात होते. तेव्हा इमारतीचे श्रेय त्यांच्या एकट्याच्या पदरात टाकणाऱ्या इंग्रजी चरित्रांपेक्षा भाऊ दाजींच्या नावे झालेला १९७५ चा नामबदल वस्तुस्थितीला जवळचा आहे. पण इमारत आणि संग्रहामागची विचारपद्धती या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वर्गणी शेठसावकारांची, वस्तूंची वर्गवारी क्यूरेटरची.

लंडनमध्ये इंडिया ऑफिसात त्यांनी सुमारे तीस वर्षे काढली. पॅरिसच्या १८६७ च्या प्रदर्शनात ते मुंबई सरकारचे प्रतिनिधी होते. १८७८ च्या प्रदर्शनासाठी हिंदी विभागाची पुस्तिका त्यांनी लिहिली आणि तीच वाढवून १८८० मध्ये ‘द इंडस्ट्रिअल आर्ट्‌स ऑफ इंडिया’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला भाग देवदेवतांचा. दुसऱ्यात सोन्याचांदीची भांडी, पितळकाम, मीनाकारी, शस्त्रे, दागिने, लाकूडकाम, कापड, मृत्पात्रे अशी प्रकरणे आहेत. म्हणजे पुन्हा माल आणि त्याचा उपयोग. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन म्यूझियमची सगळीच मांडणी पदार्थानुसार असे, मग यात बर्डवुड यांचे वेगळेपण ते काय, असे विचारता येईल. उत्तर असे की ही शिस्त त्यांनी तिथे उचलली नाही. अठरा वर्षे आधी ती मुंबईत अंगवळणी पडली होती. शिवाय केन्सिंग्टनच्या इतर पुस्तिकांत युरोपातल्या घडवणाऱ्यांची नावे येतात. इथे कारागीर जातीने, गावाने ओळखला जातो, नावाने नाही. गाव त्याला पोसते, परंपरा त्याचा हात चालवते. जमिनीतून पीक यावे तशी गावातून कला उगवते, अशी ही धारणा आहे.

या धारणेमुळेच त्यांनी गिरण्यांवर कोरडे ओढले. पिढीजात कसबी आपल्या गावातून उठून मुंबईच्या अवाढव्य गिरण्यांत मजुरीच्या आमिषाने झुंडीने राबायला येतात, याची त्यांना खंत होती आणि ती त्यांनी त्या ग्रंथात तिखट शब्दांत मांडली आहे. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली, म्हणजे बर्डवुड नोकरीवर आले त्याच वर्षी. पुढच्या पंचवीस वर्षांत भायखळ्यापासून लालबाग-परळपर्यंत धुराडी उभी राहिली, आणि हस्तव्यवसायांचे संग्रहालय गिरणगावाच्या तोंडाशी येऊन पडले. पण कोकणातून आणि घाटावरून आलेला माणूस लालबागच्या चाळीत का शिरला, याचे कारण गावातल्या सुखी कारागिराच्या चित्रात सापडत नाही. दुष्काळ, खोत आणि सावकार यांना त्या चित्रात जागाच नाही. बर्डवुड यांच्या लेखनातली ही सर्वांत मोठी पोकळी होय.

१९१० चा प्रसंग आता समजायला सोपा जातो. रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्‌सच्या सभेत भारतीय कलेचे पुरस्कर्ते ई. बी. हॅवेल यांचे व्याख्यान होते आणि बर्डवुड अध्यक्षस्थानी. हिंदुस्थानात ललितकला नाही असे सांगताना त्यांनी जावाच्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीची तुलना चरबी घालून उकडलेल्या पुडिंगशी केली. फेब्रुवारीअखेर विल्यम रोदेनस्टाइन आदी १३ कलावंत-समीक्षकांचे निषेधपत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये आले आणि त्याच वर्षी इंडिया सोसायटी स्थापन झाली. बर्डवुड तेव्हा ७७ वर्षांचे होते, म्हणून काहीजण हा म्हातारपणीचा तोल सुटला असे मानतात. ते पटत नाही. पुराणांतल्या अक्राळविक्राळ देवरूपांमुळे इथे शिल्प आणि चित्र ललितकलेच्या पायरीला पोचले नाहीत, हे मत १८८० च्या ग्रंथात नोंदलेले आहे. पुडिंग तेवढे नवे. उपयोगाच्या आणि मालाच्या कपाटात जिला खण नाही, अशी वस्तू समोर आली की ही नजर गोंधळते. मग घारापुरीच्या दगडी हत्तीचे तुकडे १८६४ मध्ये व्हिक्टोरिया गार्डनमध्ये आले, ते कसे? असे कोणी म्हणेल. पण हत्ती तिथे अवशेष म्हणून आला, शिल्प म्हणून नाही. तो जुळवून उभा करायला १९१४ उजाडले.

बर्डवुड यांची वर्गवारी त्यांच्या हयातीतच मोडली. लंडनचे इंडिया म्यूझियम १८७९ मध्ये बंद झाले आणि त्याचा वनस्पतिज माल मुख्यतः क्यूच्या बागेकडे, कलावस्तू साउथ केन्सिंग्टनकडे गेल्या. मुंबईतही विसाव्या शतकात क्यूरेटर सेसिल बर्न्स आणि त्यांच्यानंतर अर्नेस्ट फर्न यांनी मातीच्या छोट्या मूर्ती व देखावे यांवर भर दिला. भायखळ्याला आजचा प्रेक्षक ज्यांच्यापाशी रेंगाळतो त्या पगडीवाल्या, फेरीवाल्या बाहुल्या बव्हंशी या उत्तरकाळातल्या. संग्रहालयाच्या वास्तूचे जीर्णोद्धारकार्य २००८ मध्ये पूर्ण झाले. त्याला युनेस्कोचा पुरस्कार २००५ मध्येच मिळाला होता.

इतर : ‘प्रिमरोझ डे’चे पुरस्कर्ते. इंडिया ऑफिसच्या जुन्या दप्तरांवरील अहवाल (१८९१). के.सी.आय.ई. १८८७. ईलिंग येथे निधन.

कुटुंब : विवाह १८५६, फ्रान्सिस ॲना टॉल्चर यांच्याशी. धाकटे बंधू हर्बर्ट मिल्स बर्डवुड मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. माथेरान व महाबळेश्वरच्या वनस्पतींची सूची त्यांच्या नावावर आहे. हर्बर्ट यांचे पुत्र विल्यम, जन्म खडकी १८६५, हे पुढे फील्ड मार्शल झाले.