ठाकुर्ली, खोळंबा आणि रिकामी बसलेली माणसं

ठाकुर्लीला राहतो म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, "म्हणजे डोंबिवलीच ना?" आता वाद घालायचं मी सोडून दिलंय. पण खरं सांगू का मंडळी, डोंबिवलीकरांनी कितीही सांस्कृतिक नगरीचा टेंभा मिरवला तरी एक गोष्ट आमच्याकडेच होती. पॉवर हाऊस! इथल्या जुन्या चोळे गावावरून त्याला चोळा पॉवर हाऊस म्हणत. रिक्षावाल्यांच्या तोंडी अजूनही पॉवर हाऊस, बावन चाळ, बारा बंगला हीच नावं असतात. रेल्वेनं वसवलेलं गाव आहे हे, आणि नावं पुसायला वेळ लागतो.

आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे 'एफिशियन्सी' हा शब्द. कारखान्यात प्लॅनिंगचं काम करून माझी वीस वर्षं झाली, आणि हा शब्द ऐकल्याशिवाय माझा एकही सोमवार गेलेला नाही. त्याला मराठीत कार्यक्षमता म्हणतात, पण कुणी म्हणत नाही. गंमत म्हणजे या शब्दाचा निम्माअधिक इतिहास आमच्या गॅलरीतून दिसणाऱ्या रुळांवर घडलाय. तो कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात मला वाचायला मिळाला नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली हे शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. तीच लाइन १ मे १८५४ ला कल्याणपर्यंत आली, म्हणजे आमच्या दारावरून पुढे गेली. पण वाफेच्या इंजिनाचं दुखणं वेगात नव्हतं, ते होतं थांबण्यात. इंजिन चालवायचं तर काही तास आधी पेटवायला हवं. मग कोळसा भरा, पाणी भरा, राख काढा. शेवटच्या स्टेशनात गाडी पोचली की इंजिन सोडवा, बाजूच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला न्या, पुन्हा जोडा. तेवढा वेळ फलाट अडलेला आणि मागची गाडी बाहेर ताटकळत! बोरघाटात तर कहरच होता. खंडाळ्याच्या अलीकडे रिव्हर्सिंग स्टेशन होतं, तिथे गाडी थांबायची, इंजिन एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि गाडी उलट तोंडानं पुढचा चढ चढायची.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला हार्बर लाइनवर विजेची पहिली गाडी धावली. १५०० व्होल्ट डीसी. भारतातली ही पहिलीच. परवा २०२५ मध्ये तिची शंभरी झाली तेव्हा पेपरात वेगाबद्दल बरंच छापून आलं. माझ्या मते वेग ही त्यातली दुय्यम गोष्ट. खरा चमत्कार म्हणजे गाडीला दोन्ही टोकांना तोंड होतं! मोटरमन या टोकाच्या केबिनमधून त्या टोकाच्या केबिनमध्ये गेला की गाडी परतायला तयार. इंजिन सोडणं नाही, फिरवणं नाही, पाणी पाजणं नाही. गाडी पटकन वेग घेते आणि पटकन थांबते, हा आणखी फायदा. म्हणजे गाडी जोरात पळवून फारसं काही मिळालं नाही, जे मिळालं ते खोळंबा कमी केल्यानं मिळालं.

मग ही वीज मेन लाइनवर, पुढे घाटापर्यंत न्यायची ठरली, आणि एवढी वीज आणायची कुठून हा प्रश्न आला. जीआयपी रेल्वेनं सरळ स्वतःचं वीजघरच बांधलं, ते आमच्या ठाकुर्लीला, १९२९ च्या सुमारास. पाण्याला उल्हास नदी शेजारी आणि कोळसा आणायला रूळ दारात. त्याच सुमारास पुण्यापर्यंत विजेच्या गाड्या सुरू झाल्या, घाटातलं ते उलटं फिरायचं स्टेशनही नव्या बोगद्यांमुळे सुटलं आणि १ जून १९३० ला दख्खनची राणी धावली. राणीचं कौतुक सगळे करतात. राणीचा स्वयंपाक ठाकुर्लीत व्हायचा, हे मात्र कुणाच्या गावी नसतं.

इथे एक गोष्ट मला नेहमी खटकते. कोळसा जळायचा थांबला होता का? नाही. आधी तो इंजिनाइंजिनातून जळत होता, आता एका गावात जळायला लागला. प्रवासी मुंबईपासून पुण्यापर्यंत पांढऱ्या सदऱ्यानं जाऊ लागले ते त्याच्या जोरावर. खर्च कमी झाला हे खरंच, पण जो उरला तो जागा बदलून बसला. पुढे पॉवर हाऊसही बंद पडलं. आता रेल्वे बाहेरून वीज घेते.

असो. तर काय सांगत होतो... नंतरची गोष्ट तुम्ही रोज जगताच. नऊ डब्यांच्या बारा डब्यांच्या झाल्या, ऑक्टोबर २०१२ मध्ये मध्य रेल्वेवर पंधरा डब्यांची गाडी आली. जून २०१५ मध्ये मेन लाइनवरचं डीसी जाऊन २५,००० व्होल्टची एसी वीज पूर्णपणे आली. साधा हिशोब बघा: तेवढीच ताकद १५०० ऐवजी २५,००० व्होल्टनं द्यायची तर तारेतला करंट जवळजवळ सतरा पटीनं कमी लागतो. म्हणजे तारेत वाया जाणारी वीज कमी, सबस्टेशनं कमी, गाड्यांना ताकद जास्त. नितांतसुंदर इंजिनिअरिंग आहे हे, आणि धावत्या लोकलच्या डोक्यावर हे काम करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

पण मिळालेल्या प्रत्येक मिनिटाचं आपण काय केलं? तिथे आणखी एक गाडी घातली. आज मध्य रेल्वेवर दिवसाला अठराशेच्या आसपास लोकल धावतात आणि गर्दीच्या वेळी दोन गाड्यांत तीन-चार मिनिटांचं अंतर असतं. कागदावर याच्यासारखं सुंदर चित्र नाही. एक रूळ मोकळा दिसत नाही, एक रेक उभा दिसत नाही.

आता थोडं गणित. (माझ्या पुतण्यांनी हा परिच्छेद सोडला तरी चालेल, पण सोडू नये.) कोपनहेगनला टेलिफोन कंपनीत एर्लांग नावाचा एक माणूस होता. फोनच्या लाइनी किती ठेवाव्यात म्हणजे लोकांना फार ताटकळावं लागणार नाही, यावर त्याचा पहिला निबंध १९०९ चा. रांगेचं शास्त्र तिथून सुरू झालं. त्यातलं सगळ्यात सोपं उदाहरण घेऊ. तिकीट खिडकीवर एकच बाबू आहे आणि माणसं वेळीअवेळी येतायत. बाबू निम्मा वेळ कामात असेल, तर सरासरी एका तिकिटाला लागतो तेवढा वेळ तुम्ही रांगेत थांबता. बाबू ८० टक्के वेळ कामात असेल तर चार तिकिटांइतका, ९० टक्के असेल तर नऊ, आणि ९५ टक्क्यांना एकोणीस! बाबू फक्त पाच टक्के जास्त राबला आणि तुमचं थांबणं दुपटीनं वाढलं. साहेब खूश, कारण बाबू रिकामा दिसत नाही. रांगेतली माणसं साहेबाच्या तक्त्यात नसतातच.

हे गणित आमच्या ठाकुर्लीनं एकदा उघड्यावर सोडवून दाखवलं. २ जानेवारी २०१५, शुक्रवार. पहाटे ठाकुर्ली आणि कल्याणच्या मध्ये एका लोकलचा पेंटाग्राफ तुटला. एका गाडीचा एक पेंटाग्राफ. पण जागा बघा कुठली! कल्याणला नाशिककडची आणि पुण्याकडची, दोन्ही लाइन एकत्र येतात आणि मुंबईच्या वाटेवर पुढचं स्टेशन आमचं. शिवाय तेव्हा दिव्यापासून ठाण्यापर्यंत चारच मार्ग होते, पाचवा-सहावा मार्ग फेब्रुवारी २०२२ मध्ये आला. वेळापत्रकात कुठे सैल जागाच नव्हती, मग एक गाडी अडली की मागची अडते, तिच्या मागची अडते. तास-दीड तासात दिव्याला लोकांचा बांध फुटला. माणसं रुळांवर उतरली, दगडफेक झाली, पोलिसांची गाडी जळाली, आणि काही तास सगळी मेन लाइन ठप्प. जाळपोळीचं समर्थन मी करत नाही. पण दिव्याच्या माणसाला रोज दारात लटकायलासुद्धा जागा मिळत नव्हती, हेही त्याच दिवशी सगळ्या शहराला कळलं.

आमचे मोठे काका रेल्वेत ओव्हरहेड वायरच्या विभागात होते, कल्याणला. तार तुटली की टॉवर वॅगन घेऊन पळायचं हे त्यांचं काम. त्यांना एकदा विचारलं होतं, "काका, तार तुटलेली नसेल तेव्हा तुम्ही काय करायचात?" देखभालीची चार कामं त्यांनी सांगितली, मग हसून म्हणाले, "आणि बसायचो. आम्ही बसलेलो दिसलो ना, की समजायचं गाड्या वेळेवर आहेत."

हे वाक्य मला गेल्या वर्षी ऑफिसात आठवलं. एक सल्लागार मंडळी आली होती, स्टॉपवॉच आणि तक्ते घेऊन. (कंपनीचं नाव विचारू नका, नोकरी आहे.) तीन आठवडे फिरून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की आमच्याकडचे तीन रिलीव्हर, म्हणजे कुणी गैरहजर राहिलं, मशीन अडलं तर धावून जाणारी माणसं, दिवसाचा चाळीस टक्के वेळ रिकामी असतात. सबब तिन्ही जागा कमी कराव्यात. मी एर्लांग मांडला, तक्ता दाखवला. मग ज्याच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही असं वाटलं होतं ते काकांचं वाक्यही सांगितलं. दोन जागा वाचल्या. तिसरा आमचा सर्वांत जुना माणूस होता, सगळी मशीनं येणारा. त्याला दुसऱ्या प्लांटला पाठवलं. जायच्या दिवशी तो मला म्हणाला, "साहेब, मी बसायचो तेव्हा तुम्ही सगळे घरी वेळेवर जात होता." त्यानं काही काकांचं ऐकलेलं नव्हतं!

मीटिंगमध्ये डबेवाल्यांचं उदाहरण अर्थातच निघालं. ते निघतंच. पण त्यातली एक गोष्ट कुणी सांगत नाही, ती अशी की डबेवाल्यांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा ठेवलेली असतात. कुणी आजारी पडला, कुणाची सायकल मोडली तर. त्यांना कुणी रिकामे म्हणत नाही, कारण गट त्यांचा स्वतःचा आहे आणि डबा चुकला तर शिव्या त्यांनाच खायच्यात.

खोळंबा जागा बदलतो म्हटलं, त्याचं आमच्याकडे आणखी एक उदाहरण होतं. ठाकुर्लीचं फाटक. ते उघडलं की लोकल थांबायच्या आणि बंद असलं की गावाचे दोन भाग व्हायचे. वर्षानुवर्षं भांडण एकच, की दर तासाला मिनिटं कुणाची जाणार, गाडीतल्या हजारोंची की फाटकाबाहेरच्या रिक्षातल्या बाळंतिणीची? शेवटी उड्डाणपूल झाला आणि प्रश्न मिटला. म्हणजे पैसे खर्च केल्यावर मिटला. आहे त्यातच पिळून काढायचं ठरवलं असतं तर कधीच मिटला नसता.

आणि आता जे लिहायला हात धजत नाही ते. ९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींच्या बाजूने जाताना दारात लटकलेली माणसं खाली पडली. किमान चार जण गेले, कितीतरी जखमी झाले. मध्य आणि पश्चिम दोन्ही मिळून उपनगरी रेल्वेच्या हद्दीत २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत दोन हजारांहून अधिक माणसं मेली आहेत. त्यात रूळ ओलांडणारे पुष्कळ, पण गाडीतून पडणारेही शेकड्यांनी.

उघडं दार ही आपल्या लोकलची सगळ्यात मोठी 'एफिशियन्सी' आहे, हे मला त्या दिवशी लख्ख दिसलं. गाडी थांबायच्या आत माणसं उतरतात, सुटल्यावर चढतात. स्टेशनात गाडी जेमतेम वीस-तीस सेकंद थांबते ती त्यामुळेच. दार लागायची वाट बघावी लागत नाही. ते वाचलेले सेकंद वेळापत्रकात जमेला धरलेले आहेत आणि त्यांचं बिल दारातल्या माणसाच्या नावावर फाटतं. मुंब्र्यानंतर रेल्वेनं बंद होणाऱ्या दारांच्या साध्या लोकल आणायचं जाहीर केलं, तेव्हा लगेच सूर निघाला, की यानं गाड्या लेट होतील. होतीलच!

म्हणून मी हिशोब करून पाहिला. सीएसएमटी ते कल्याण धरून सव्वीस स्टेशनं, म्हणजे स्लो गाडीचे मधले चोवीस थांबे. दारांपायी प्रत्येक थांब्याला दहा सेकंद जास्त लागतील असं धरू. दोनशे चाळीस सेकंद, म्हणजे चार मिनिटं. येऊन-जाऊन आठ. दर चार मिनिटांनी गाडी सोडायची असेल, तर आज आहेत तेवढ्याच फेऱ्या ठेवायला स्लो लाइनवर दोन रेक जादा लागतील. फक्त दोन. फलाट रिकामा होण्याचा प्रश्न वेगळा आहे, फास्ट लाइनचा हिशोबही वेगळा, पण अंदाज यायला एवढं पुरे.

रविवारी काकांकडे गेलो होतो तेव्हा हा कागद त्यांना दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो दोनदा वाचला, खिशातलं पेन काढलं आणि माझा दोन खोडून तीन केला.

"एक कारशेडला उभी लागेल," म्हणाले.